सेवेकऱ्याची उमेदवारी

टांझानियातील एका अनाथाश्रमासाठी ग्रंथालय बांधावयास गेलेल्या अमेरिकन शाळकरी मुलींच्या एका पथकाची हकिगत, त्या पथकातल्याच एकीने पुढे जाणत्या वयात, २०१४ साली, लिहून प्रसिद्ध केली. मुली दिवसभर विटा रचीत; रात्री त्या निजल्या म्हणजे स्थानिक माणसे येऊन ते कच्चे बांधकाम उतरवीत, विटा पुन्हा ओळंब्यात बसवीत, आणि सकाळी उठल्यावर पाहुण्यांना आपल्या अपयशाचा सुगावाही लागू नये अशा बेताने काम पुरे करून निघून जात. लेखिकेने या प्रसंगी स्वतःच्या अज्ञानाची जी प्रांजळ कबुली दिली तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु माझे मन त्या हकिगतीत थांबते ते रात्री काम करणाऱ्या माणसांपाशी. परक्या देशातून आलेल्या मुलींचा हिरमोड होऊ नये एवढ्यासाठी ज्यांनी आपली झोप मोडली आणि आपल्या कौशल्याचे श्रेय मुकाट्याने दुसऱ्याच्या पदरात टाकले, त्यांना नम्रतेचा पाठ देण्यास कोणी जावे अशी परिस्थिती नव्हती. तो पाठ गिरवण्याची गरज ज्यांना होती, त्यांच्यापासून मात्र तो काळजीपूर्वक लपवून ठेवण्यात आला होता.

परोपकारबुद्धीने दूरदेशी जाऊन बांधकाम करण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. अमेरिकेतील आणि युरोपातील चर्चमंडळांची पथके दरवर्षी मध्य अमेरिकेत, कॅरिबियन बेटांवर, पूर्व आफ्रिकेत आठवडा-पंधरा दिवसांसाठी जातात, शाळेची खोली किंवा एखाद्या कुटुंबाचे घर उभारतात, आणि परतल्यावर आपल्या मंडळीसमोर सांगतात की आम्ही द्यावयास गेलो होतो आणि घेऊन आलो, शिकवावयास गेलो होतो आणि नम्र होऊन आलो. या निवेदनात खोटेपणा असतो असे मी मुळीच मानीत नाही. सांगणाऱ्याचा कंठ खरोखर दाटलेला असतो. तथापि मनाला आलेला गहिवर आणि अंगी मुरलेली नम्रता यांत अंतर आहे, आणि ते अंतर बांधकामाच्या जागी जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

याचे कारण बांधकामाच्या स्वरूपातच आहे. भाषणाची स्तुती श्रोत्याच्या सौजन्यावर अवलंबून असते. भिंतीला सौजन्य ठाऊक नसते. ओळंबा सोडला की ती सरळ आहे की कललेली आहे हे तत्काळ कळते. वरवर सोप्या दिसणाऱ्या या धंद्यात शिकण्याजोगे किती आहे याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. वीट कोरडी वापरली तर ती मालातले पाणी शोषून घेते आणि सांधा ठिसूळ राहतो, म्हणून ती आधी पुरती भिजवून घ्यावी लागते. एका थरातला उभा सांधा वरच्या थरातल्या सांध्याच्या रेषेत आला तर भिंत तेथेच चिरते, म्हणून प्रत्येक थरात सांधेमोड सांभाळावी लागते. आणि सिमेंटचे बांधकाम झाल्यावर त्यावर निदान आठवडाभर पाणी मारीत राहावे लागते. हौशी सेवेकऱ्याच्या मुक्कामाचा जो एकंदर कालावधी, तेवढा काळ बांधकामाला नुसते पाणी मारण्यासच लागतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपल्याकडे गवंडीकामात शिरणारा मुलगा आरंभी बिगारी म्हणून घमेली वाहतो, मग माल कालवू लागतो, मग मिस्त्रीच्या हाताखाली विटा लावून देतो, आणि अशी काही वर्षे उमेदवारी केल्यानंतर त्याच्या हाती थापी येते. सेवा करावयास आलेल्या पाहुण्याच्या हाती मात्र पहिल्याच दिवशी थापी दिली जाते. तो पाहुणा आहे, वर्गणी भरून आला आहे, आणि त्याचे छायाचित्र निघावयाचे आहे, एवढ्याच कारणाने त्याची उमेदवारी माफ होते. आणि माझ्या समजुतीप्रमाणे साऱ्या अनर्थाचे मूळ या माफीत आहे.

ही माफी ज्याने आयुष्यभर नाकारली अशा एका माणसाची ओळख मराठी वाचकांस फारशी नाही, आणि ती करून द्यावी म्हणूनच मुख्यतः हा लेख मी लिहावयास घेतला. पिएर सेरेझोल हे त्याचे नाव. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे १८७९ साली जन्मलेला हा गृहस्थ, त्या देशाचे राष्ट्राध्यक्षपद १८७३ साली भूषविलेल्या पॉल सेरेझोल यांचा पुत्र होता. शिक्षणाने अभियंता, तरुणपणी अमेरिका, हवाई बेटे आणि जपान येथे हिंडून, मिळेल ते काम करून आलेला. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा वडिलार्जित संपत्ती त्याने सरकारजमा करून टाकली, आणि १९१७ साली लष्करी कर भरण्यास नकार देऊन तुरुंगवास पत्करला. युद्ध संपल्यावर हॉलंडमध्ये बिल्टहोवन येथे युद्धविरोधी ख्रिस्ती मंडळींच्या परिषदा भरल्या. तेथील ठरावांच्या आणि भाषणांच्या भाऊगर्दीत सेरेझोल कासावीस झाला असावा, कारण लवकरच तो लहानसे पथक घेऊन व्हर्दनच्या रणभूमीवरील एस्न या उद्ध्वस्त खेड्यात दाखल झाला. शब्द पुरे, आता कृती, हेच पुढे त्याच्या चळवळीचे ब्रीद झाले.

१९२० सालचा तो हिवाळा होता. एका बाजूस ‘मृत मनुष्याची टेकडी’ आणि दुसऱ्या बाजूस ३०४ क्रमांकाची टेकडी, अशा ज्या दोन उंचवट्यांसाठी हजारो सैनिकांनी प्राण दिले होते, त्यांच्या लगत हे गाव होते, आणि त्यात धड भिंत अशी उरली नव्हती. पथकात स्विस, इंग्रज, डच यांच्याबरोबर जर्मनही होते; जे जर्मन तोफांनी पाडले ते जर्मन हातांनी उभे राहण्यास मदत व्हावी, हा सेरेझोलचा हेतू. त्यांनी शेतकऱ्यांसाठी तात्पुरती लाकडी घरे उभारली, रस्ता नीट केला, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवले. गावच्या माणसांनी हे काम पाहिले आणि काहींच्या मनातील अढी सैलही झाली. परंतु गावच्या कारभाऱ्यांना जर्मन माणसे नकोशी झाली, आणि १९२१ च्या वसंतात पथकाला काम अर्धे टाकून निघावे लागले.

अशा वेळी परोपकारी माणसाची कसोटी लागते. आम्ही फुकट राबतो, थंडीत कुडकुडतो, आणि वर आम्हालाच हाकलता, असे म्हणण्याचा मोह कोणास होणार नाही? सेरेझोलने मात्र तो मोह टाळून सामान उचलले. ज्याच्या अंगणात आपण सेवा करावयास आलो त्याला ‘नको’ म्हणण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्याने बजावला तर कुदळ खांद्यावर टाकून निघून जाणे हाही सेवेचाच भाग आहे, हे या चळवळीला पहिल्याच शिबिरात शिकावे लागले. चळवळीचा आरंभ अपयशाने झाला हे मी तिचे भाग्य समजतो.

पुढच्या काही वर्षांत चळवळ वाढली. आल्प्समधील हिमप्रपातांनी गाडलेली कुरणे १९२४ साली मोकळी करण्यात आली, आणि या कामी स्विस सैन्यात कर्नल असलेला सेरेझोलचा भाऊ अर्नेस्ट त्याच्याबरोबर राबला. १९२७ च्या शरदात ऱ्हाईन नदीचा बांध फुटून लिख्टेनस्टाइनची शेते दगडगोट्यांखाली आणि वाळूखाली गेली, तेव्हा पुढील वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत निरनिराळ्या देशांतील सातशेहून अधिक स्वयंसेवकांनी फावड्यांनी ती उपसली. या शिबिरांत स्त्रियाही असत, त्यांना ‘भगिनी’ म्हणत, आणि स्वयंपाक, धुणे, ठिगळे लावणे हे त्यांचे काम ठरलेले असे. पुरुषांच्या कुदळीचे गुणवर्णन पुष्कळ झाले. त्या शेकडो माणसांच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी ज्यांनी पेलली त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले. नम्रतेची भाषा बोलणाऱ्या चळवळीतही श्रमांची उतरंड अशी सहज शिरते, आणि ती कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आणि मग बिहार. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी दोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ हादरले. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा, मोतीहारी, सीतामढी ही शहरे कोसळली. एकट्या बिहारात सात हजारांवर माणसे मेली. पडलेल्या घरांहूनही विलक्षण असे जे घडले ते जमिनीत: भुईला भेगा पडून त्यांतून पाणी आणि वाळू उसळली, विहिरी बुजल्या, सुपीक शेतांवर वाळूचे थर साचले, आणि मोठ्या प्रदेशाची उंचसखल पातळीच बदलल्यामुळे पुराचे पाणी नव्या वाटांनी गावांत शिरू लागले. राजेंद्रप्रसाद त्या वेळी कैदेत होते. भूकंपानंतर दोन दिवसांनी त्यांची सुटका झाली, आणि आजारी प्रकृतीनिशी त्यांनी मदत समितीची धुरा उचलली. समितीचा जमाखर्च जे. सी. कुमारप्पा यांनी इतका चोख ठेवला की सार्वजनिक पैशाच्या हिशेबाचा तो आजही आदर्श मानावा. गांधीजींशी सेरेझोलची ओळख १९३१ साली त्यांच्या स्वित्झर्लंडच्या भेटीत झालेली होती. १९३४ साली तो स्वतः पाहणीसाठी हिंदुस्थानात आला, आणि त्यानंतर मोजके सहकारी घेऊन मुझफ्फरपूर जिल्ह्यात कामाला लागला. पुराखाली जाणारी गावे उंचवट्याच्या जागी वसवावयाची, हे काम. अशा रीतीने जे नवे गाव उभे राहिले त्याचे नाव शांतिपूर.

सेरेझोल तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. युरोपातील त्याच्या शिबिरांचा पाया असा की संकटग्रस्त गावाला माणूसबळ हवे असते आणि स्वयंसेवक ते पुरवितात. बिहारात हा पाया लागू पडेना. तेथे माणूसबळ उदंड होते. काही आण्यांच्या रोजावर माती वाहावयास शेकडो हात तयार होते, आणि त्या हातांपुढे उन्हाची सवय नसलेल्या मूठभर युरोपीयांचे शरीरश्रम अर्थशास्त्राच्या तराजूत जवळजवळ शून्य भरत. किंबहुना त्यांनी उपसलेली प्रत्येक पाटी कोणा गरजवंताच्या रोजातून कमी होते की काय, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. मग हे लोक समुद्र ओलांडून आले तरी कशाला? अभियंत्याचे ज्ञान, सरकारी अंमलदार आणि काँग्रेसची समिती या परस्परांशी न बोलणाऱ्या दोन पक्षांत दुवा होण्याची पात्रता, मंजुऱ्या मिळविण्याची चिकाटी, या गोष्टी त्यांच्यापाशी होत्या आणि त्यांचा उपयोग झाला. परंतु केवळ एवढ्यासाठी आलेला माणूस तंबूत बसून नकाशे काढू शकला असता. सेरेझोल नकाशे काढून झाल्यावर मजुरांबरोबर मातीही वाहत असे. ज्या मुलखात गोऱ्या माणसाचे काम हुकूम देण्याचे आणि वरच्या जातीच्या माणसाचे काम तो पुढे पोहोचविण्याचे, तेथे साहेबाने डोक्यावर पाटी घ्यावी या दृश्यात जे काही होते त्याची किंमत घनफुटांत होण्यासारखी नव्हती.

येथे एक सावधगिरी राखली पाहिजे, आणि ती राखण्याचे साधन आपल्याच भूमीत आहे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असता भिंत कोसळून तिच्याखाली गेले. ते साल १३३८. ते काम त्यांनी हौसेने पत्करलेले नव्हते. या देशात दुसऱ्याची भिंत बांधणे हे शेकडो वर्षे कित्येक जातींच्या कपाळी वेठ म्हणून लिहिलेले होते. त्यांच्या श्रमाला कोणी दान म्हटले नाही, आणि त्यांतून त्यांना काय शिकावयास मिळाले हे कोणी विचारले नाही. ज्याला उद्या काम सोडता येते आणि ज्याला ते सोडता येत नाही, अशा दोन माणसांनी एकच घमेले दोन बाजूंनी धरले तरी दोघांच्या वाट्याचे वजन सारखे नसते. सेरेझोलच्या श्रमांत मोल आहे ते यामुळे नव्हे की तो मजुरासारखा झाला. तसा तो होऊच शकत नव्हता, त्याला मायदेशी परतीची वाट मोकळी होती. मोल आहे ते यामुळे की जे काम ज्यांच्यावर लादले गेले त्या कामाला, आणि म्हणून त्या माणसांना, हीन समजण्याचे प्रत्येक निमित्त त्याने आपल्या वर्तनाने खोडून काढले. श्रमदानाच्या आपल्या उत्साहात हा भेद आपण विसरतो, आणि मग ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या माती वाहिली त्यांनाच श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देऊन येतो.

सेरेझोलच्या मागोमाग मला आठवतो तो लॉरी बेकर. हाही मिशनच्या कामासाठी आलेला बांधकामकर्ताच. फरक इतकाच की आला आणि परत गेला नाही. बर्मिंगहॅममध्ये १९१७ साली जन्म, तेथेच वास्तुविद्येचे शिक्षण, क्वेकर पंथाचा अनुयायी, आणि युद्धकाळात शस्त्र न धरता चीनमध्ये रुग्णसेवा. परतीच्या वाटेवर बोट मिळेना म्हणून मुंबईत अडकून पडला असता त्याची गांधीजींशी गाठ पडली. त्याच्या पायांत चिंध्यांपासून हाताने बनविलेले जोडे होते, त्यांवरून बोलणे निघाले. आणि घर जेथे बांधावयाचे तेथून पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातूनच ते बांधावे, असा गांधीजींचा विचार त्याच्या कानी पडला. १९४५ साली कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनचा वास्तुशास्त्रज्ञ म्हणून तो हिंदुस्थानात आला. मिशनऱ्यांच्या प्रशस्त बंगल्यांत आणि नोकरचाकरांत त्याचे मन रमेना. फैजाबादेस तो चंडी नावाच्या एका मलयाळी डॉक्टरकडे राहू लागला, आणि त्या डॉक्टरची बहीण एलिझाबेथ, जी स्वतः डॉक्टर होती, तिच्याशी १९४८ साली त्याने विवाह केला.

बेकरची खरी शाळा पिथोरागड. हिमालयाच्या त्या अंगाला हे दांपत्य लग्नानंतर सहज म्हणून गेले. दवाखाना दूरवर नाही, आणि आलेली बाई डॉक्टर आहे, हे समजताच रोगी येऊ लागले, आणि दोघे तेथेच सुमारे सोळा वर्षे राहिली. बर्मिंगहॅमच्या विद्यालयात शिकलेला हा पदवीधर बांधकामाची पाठ्यपुस्तके बरोबर घेऊन आला होता. त्यांत लोखंडी तुळया होत्या, काँक्रीट होते. पण वाळवीचे काय करावे, वर्षाकाठी इतका पाऊस पडतो तेव्हा मातीची भिंत कशी जपावी, शेण कोठे आणि कशासाठी वापरावे, यांविषयी ती पुस्तके अबोल होती. आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती अशी डोंगरातली माणसे या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्या घरांच्या भिंतींतून देत उभी होती. बेकरने पुस्तके मिटली आणि त्या घरांचे वाचन सुरू केले. तो पुढे नेहमी म्हणे की लोकांची परंपरागत घरे म्हणजे हजारो वर्षांच्या संशोधनाचे फलित आहे, आणि त्या संशोधनाकडे आधुनिक वास्तुशास्त्रज्ञाने पाठ फिरविणे हा निव्वळ उद्दामपणा आहे.

पुढे केरळात येऊन तिरुवनंतपुरम् येथे त्याने जी शेकडो घरे, शाळा, प्रार्थनामंदिरे उभारली त्यांची ख्याती आज मोठी आहे. वीट उभी ठेवून भिंतीत पोकळी राखणारी त्याची रचना विटा आणि सिमेंट वाचविते आणि घर थंड ठेविते. विटांच्या जाळ्यांतून वारा आणि मंद उजेड आत येतो. छपराच्या लादीत जेथे काँक्रीटचा फारसा उपयोग नसतो तेथे जुनी मंगलोरी कौले घालून त्याने खर्च घटविला. परंतु माझ्या दृष्टीने त्याच्या कामाची रीत ही त्याच्या रचनांइतकीच महत्त्वाची आहे. त्याचे भलेमोठे कार्यालय नव्हते. तो जागेवर जाई, हाती येईल त्या कागदाच्या कपट्यावर आकृती काढी, गवंड्याशी बसून बोले, झाड आडवे आले तर भिंत वळवी. गवंडी त्याच्या दृष्टीने हुकूम पाळणारा हात नव्हता. तो विचारात भागीदार होता. १९९० साली त्याला पद्मश्री मिळाली. त्याच्या थोडे आधी तो भारताचा नागरिक झालेला होता. सेवेकरी म्हणून आलेला हा परदेशी माणूस शेजारी होऊन राहिला, आणि २००७ साली तिरुवनंतपुरम् येथेच मरण पावला.

सर्वांनाच सोळा वर्षे काढता येणार नाहीत हे उघड आहे. मग अल्पकाळासाठी जाणाऱ्याने जावेच की नाही? या प्रश्नाला सर्वांत कठोर उत्तर मेक्सिकोतील क्वेर्नावाका या शहरी राहणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूनेच दिले. इव्हान इलिच याने २० एप्रिल १९६८ रोजी, मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या संघटनेपुढे, त्यांच्याच निमंत्रणावरून, त्यांच्या तोंडावर सांगितले की तुम्ही येऊ नका. तुमचा सद्भाव तुम्हाला तुमच्या कृतीचे परिणाम दिसू देत नाही; पाहण्यासाठी या, शिकण्यासाठी या, आमच्या पर्वतांचा आनंद घेण्यासाठी या, परंतु मदत करावयास म्हणून येऊ नका, असा त्या भाषणाचा आशय होता. इलिच जे निदान करतो ते मला पटते. त्याचा उपाय मात्र सर्वस्वी पटत नाही, आणि का पटत नाही त्याचे कारण वरोऱ्याला आहे.

बाबा आमटे यांनी आनंदवन उभारावयास घेतले ते १९४९ ते १९५१ च्या सुमारास. कुष्ठरोग्यांनी विहीर खणली, रान साफ केले, भाजी पिकविली, दूध काढले. पण वरोऱ्याच्या बाजारात ती भाजी आणि ते दूध कोणी घेईना. पन्नाशीच्या दशकात सेरेझोलच्याच संघटनेचे, निरनिराळ्या देशांतील तरुण-तरुणींचे पथक आनंदवनात येऊन राहिले आणि रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी दवाखान्याच्या इमारती बांधल्या. ही परदेशी मुले रोग्यांच्या पंक्तीला बसून त्यांनीच पिकविलेले अन्न खातात, हे शहाण्यासुरत्या नगरवासीयांनी डोळ्यांनी पाहिले, आणि भीतीची ती भिंत ढासळू लागली. भाजी विकू लागली. येथे परक्या माणसाने जे केले ते स्थानिक गवंड्याला रोज देऊन होण्यासारखे नव्हते. पथकाने बांधलेल्या इमारतींचे मोल आहेच. पण रोग्याच्या हातचे खाणे, त्याच्या हाताखाली काम करणे, त्याने दाखविलेल्या जागी खणणे, हे त्याहून मोठे काम होते, आणि ते करण्यासाठी कौशल्य लागत नव्हते, फक्त दुय्यमपण पत्करण्याची तयारी लागत होती. साठीच्या दशकाच्या अखेरीस सोमनाथला सुरू झालेल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रातील तरुणांच्या कित्येक पिढ्या ही तयारी करून गेल्या.

याच्या उलट बाजूचा अनुभवही महाराष्ट्राच्या पदरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. देशभरातून मदत आली, संस्था आल्या, देणगीदारांनी गावे दत्तक घेतली. बावन्न गावे नव्या जागी हलविण्यात आली. घरे जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची, आणि रस्ते नगररचनेच्या शिस्तीत काटकोनांत आखलेले. ज्या माणसांची घरे अंगण, ओसरी, गोठा आणि भावकीची गल्ली यांनी बनलेली होती त्यांना ही शिस्त परकी वाटली, आणि शेजार तुटल्याची तक्रार पुढे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. ज्या गावांत घरे हलविली नाहीत तेथे मात्र दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम घरमालकांच्याच हाती सोपविण्यात आला. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून धरणारे आरपार दगड कसे बसवावे, छपरावरील मातीचा भार कसा कमी करावा, हे गवंडी आणि घरमालक एकत्र शिकले, आणि गावोगावच्या स्त्रिया संवाद साहाय्यक म्हणून त्या कामावर देखरेख करू लागल्या. त्या कामाची छायाचित्रे फारशी निघाली नाहीत, पण मला ते अधिक सन्मानाचे वाटते, कारण त्यात हुकूम घरच्या माणसाचा होता.

हा हुकूम कोणाचा, हाच मुद्दा अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळच्या एका शेतावर वेगळ्या रीतीने सोडविला गेला. क्लॅरेन्स जॉर्डन या धर्मोपदेशकाने १९४२ साली तेथे गोऱ्या आणि काळ्या माणसांची एकत्र वसाहत स्थापन केली होती, आणि त्यापायी बहिष्कार आणि गोळीबार सोसला होता. मिलर्ड फुलर हा धनाढ्य उद्योजक आपली संपत्ती वाटून टाकून तेथे आला, आणि त्या दोघांच्या विचारांतून १९७६ साली हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी ही संस्था निघाली. तिचा मूळ शिरस्ता असा की घर फुकट द्यावयाचे नाही. नफा न घेता, व्याज न लावता, हप्त्यांनी त्याची किंमत घ्यावयाची, आणि ज्याचे घर त्याने ठरलेले तास स्वतः अंगमेहनत करावयाची. अशा योजनेत स्वयंसेवक हा दाता राहत नाही, घरमालकाच्या कामावरचा एक बिगारी होतो.

राष्ट्राध्यक्षपदावरून उतरलेले जिमी कार्टर १९८४ साली याच संस्थेच्या कामासाठी सहकाऱ्यांबरोबर बसने न्यूयॉर्कला गेले, चर्चच्या आवारात इतरांसारखेच निजले, आणि एका पडक्या सहामजली इमारतीत सुतारकाम करीत राहिले. ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात पाटण येथे आले, आणि सुमारे दोन हजार स्वयंसेवकांनी तेथे शंभर घरांच्या कामाला हात लावला. अशा उपक्रमात पाहुणे येण्यापूर्वी पाया आणि जोते तयार करणारे, आणि ते गेल्यावर राहिलेले काम निभावणारे गवंडी स्थानिकच असतात, हे येथे नमूद केलेच पाहिजे. कार्टरांच्या कुटुंबाचा या मुलुखाशी संबंध त्याहून जुना. त्यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ साली, अडुसष्ट वर्षांच्या असताना, पीस कोअरच्या परिचारिका म्हणून मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतील दवाखान्यात आल्या आणि सुमारे दोन वर्षे राहिल्या. अमेरिकेच्या दक्षिणेत, उच्चनीचतेच्या कडक रिवाजांत वाढलेल्या त्या बाईंनी येथे कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. मुलगा पुढे मोठ्या पदाला चढला. परंतु हाताने काम करण्याचा धडा त्या घरात आईने आधी घेतलेला होता.

आता ज्यांच्यासाठी हे लिहिले त्यांच्याशी थोडे बोलतो. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयांची सात दिवसांची शिबिरे खेड्यांत भरत आली आहेत. यापुढेही ती भरतील. शिबिराची आखणी करणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती अशी की, बांधकाम हाती घेणार असाल तर गावातील एका गवंड्याचे सात दिवसांचे पूर्ण रोज अंदाजपत्रकात धरा, आणि कामाच्या जागी त्याचा शब्द तुमच्याहून वरचा राहील असे पहिल्याच दिवशी मुलांना सांगा. बंधारा कोठे घालावा, पार कोठे बांधावा, हे गावाने ठरवू द्या, आणि गावाने नको म्हटले तर काम सोडून द्या. मुलींना स्वयंपाकघरात आणि मुलांना खड्ड्यावर अशी वाटणी करू नका. उद्घाटनाच्या फलकावर पाहुण्यांची नावे घालणार असाल तर त्या गवंड्याचे नावही घाला. आणि विद्यार्थ्यांनो, थापी मागू नका; माल कालवा, विटा भिजवा, घमेली वाहा, संध्याकाळी अवजारे धुऊन जागच्या जागी ठेवा. सातव्या दिवशी गावातून निघताना बांधकामावर पुढचे सात दिवस पाणी कोण मारणार आहे, हे विचारून, त्या माणसाच्या मजुरीची सोय करून मगच एस.टी.त बसा.